बिलिंग काउंटरवर कसलं आलंय पाचारण?

"प्रिय मावशी, सलाम. मी मूळची नगरची, आता पिंपरी-चिंचवडला असते, वय 39. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला आहे. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, त्या दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत, आम्हाला ओळखतात की नाही हेही धड कळत नाही. लग्नाआधी मी संडे स्कूल घ्यायचे, क्वायरमध्ये गायचे, सगळे म्हणायचे ही देवाच्या कामाला जाणार. आता पहाटे साडेचारला उठायचं, डबे, सासूबाईंचं आवरणं, बस, दिवसभर बिलं आणि लोकांचा आरडाओरडा, परत बस, स्वयंपाक, रात्री अकराला अंग टाकायचं. गेल्या महिन्यात चर्चच्या कन्व्हेन्शनमध्ये पाहुण्या वक्त्यांनी विचारलं, देवाने आपल्याला कशासाठी निर्माण केलं हे ज्यांना कळलंय त्यांनी हात वर करा. आजूबाजूला सगळ्यांचे हात वर, माझा गेलाच नाही. माझी जुनी मैत्रीण झारखंडला मिशनमध्ये आहे, तिचे फोटो बघितले की हेवा वाटतो, आत काहीतरी तुटतं. पाळक साहेबांना विचारलं तर म्हणाले, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून करा. पण मावशी, बिलं प्रभूसाठी कशी करायची? प्रार्थनेला डोळे मिटले की झोप लागते. माझ्या आयुष्याला काही उद्देश आहे, की मी नुसते दिवस ढकलतेय? आणि संडे स्कूल परत सुरू करू का? - एक मार्था"

अगं मार्था, सलाम.

पहिलं त्या हात वर करण्याचं बघू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचतंय. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे ना, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, आणि राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलंत, आजारी होतो तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्यावर ती माणसं काय म्हणतात? प्रभू, कधी? आम्ही तुला कधी बघितलं? म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हेच केलं त्यांना स्वतःला पत्ताच नाही आपण काय करत होतो त्याचा. त्या माणसांना तुझ्या कन्व्हेन्शनला बसवलं असतं तर त्यांचेही हात खालीच राहिले असते. मला खरं सांगायचं तर असले हात वर करायला लावणारे वक्ते फारसे आवडत नाहीत, त्यांचा हेतू चांगला असेल, पण माणूस शेजारच्याकडे बघून हात वर करतो हे काय त्यांना माहीत नसतं?

तेव्हा आपला उद्देश माहीत नसणं हे काही पाप नाही, आणि तो नाही असंही त्यावरून ठरत नाही. ते बाजूला ठेव.

आता झोपेचं. हसू नकोस, हा आध्यात्मिक मुद्दाच आहे. साडेचार ते अकरा, म्हणजे साडेपाच तास झोप, तीही मध्ये सासूबाईंनी हाक मारली नाही तर. एलीया संदेष्टा आठव, बायबलातल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच हा माणूस रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. देवाने काय केलं? प्रवचन नाही दिलं, हात वर करायला नाही लावला, दूत पाठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, खाऊन पिऊन तो परत झोपला तर झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. तुझं कार्य काय, पुढे कुठे जायचं, हे बोलणं झालं नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. तुला जे रितेपण वाटतंय त्यात आत्म्याचं किती आणि नुसत्या थकव्याचं किती, हे झोप झाल्याशिवाय कळणारच नाही. आणि पुरेशी झोप मिळूनही दोन-तीन आठवडे असंच राहिलं, कशातच मन लागेना, रडू येत राहिलं, तर डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416, तिथे फुकट बोलता येतं, मराठीतही. प्रार्थना कमी पडली म्हणून असं होतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि तुझा नवरा या पत्रात फक्त एका शब्दात आहे. 'घरी नवरा'. बस! तो पहाटे साडेचारला काय करत असतो ते लिहिलंच नाहीस. तुझ्या नवऱ्याला एक गोष्ट सांग. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये लग्नाविषयी एक लेख लिहिला होता, त्यात तो म्हणतो की बाप जर बाळाची दुपटी धूत असेल आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसत असतील तर हसू देत, देव सगळ्या देवदूतांसकट त्याच्याकडे बघून आनंदाने हसतो, दुपटी धुतो म्हणून नाही तर विश्वासाने ते करतो म्हणून. पाचशे वर्षं झाली याला. आपण प्रॉटेस्टंट म्हणवतो स्वतःला, सुधारणेच्या रविवारी ल्यूथरचं नाव घेतो, मग दुपट्यांचा भाग कुठे गाळला ते काही कळत नाही. सासूबाई त्याची आई आहे. तिचं डायपर बदलणं हे त्याचंही पाचारण, म्हणजे देवाने नेमून दिलेलं काम आहे, आणि पहाटेचं एक काम जरी त्याने घेतलं, म्हणजे एकतर डबे नाहीतर आई, तरी तुला तासभर मिळेल. हे मागून घे. निम्मं काम दुसऱ्याचं असताना सगळं आपण ओढायचं आणि वर त्याला क्रूस म्हणायचं, हे मला पटत नाही.

पाळक साहेबांनी सांगितलेलं वचन कलस्सैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायातलं आहे, 23 वं. चांगलं वचन आहे पण आपण ते फार स्वस्तात वापरतो. प्रेषित पौलाने ते लिहिलंय कोणाला? दासांना. गुलामांना गं. ज्यांना पगार नाही, सुट्टी नाही, ज्यांचं काम कोणाच्या हिशोबात धरलं जात नाही अशा माणसांना तो सांगतोय की तुमचा खरा धनी वेगळा आहे आणि वतन तो देणार आहे. गुलामाला आणि वतन! त्या काळात हे ऐकून काय वाटलं असेल कोणाला. आणि लगेच पुढे, 4 थ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, धन्यांना बजावतो की तुम्ही न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही वर एक धनी आहे. हा दुसरा भाग सोडून पहिलाच सांगितला की ते वचन दमलेल्या बाईला गप्प करायच्या कामाचं होतं. दोन्ही एकत्र वाच.

तर तुझा प्रश्न, बिलं प्रभूसाठी कशी करायची. हा प्रश्न मला एवढा आवडला की माझी एक पुतणी याच लाइनमध्ये आहे तिला फोन करून नीट विचारलं, तुम्ही दिवसभर नक्की करता काय. तिने जे सांगितलं ते तुला माहीतच असेल. दुपारची दोनची वेळ, डॉक्टरांनी सकाळी दहालाच डिस्चार्ज सांगितलाय, फाइल टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीकडे गेलीय, तिकडून क्वेरी आलीय, पेशंटचा मुलगा परत खिडकीशी आलाय आणि आता त्याचा आवाज चढलाय, मागे त्याची आई व्हीलचेअरवर हातात एक्सरेची पिशवी धरून बसलीय, आणि तुझ्या स्क्रीनवर तेच ते, पेंडिंग. त्या मुलाला वाटतंय तू मुद्दाम करतेयस. तुला वाटतंय माझा काय संबंध. आणि दोघांचंही वाटणं साहजिक आहे.

इथे प्रभूसाठी म्हणजे काय? गोड हसायचं असं मी म्हणणार नाही, शिव्या खाऊन हसणं हा काही आत्म्याचा गुण नाही. माझ्या मते इथे प्रभूसाठी म्हणजे त्या माणसाला जे माहीत नाही आणि तुला माहितीये ते त्याला सांगणं. सकाळी दहालाच सांगायचं, की दादा, याला वेळ लागतो, आईला आधी खायला घाला, ग्लोव्ह्ज-बिव्ह्जचे पैसे मेडिक्लेममध्ये बहुतेक मिळत नाहीत तर तेवढी रक्कम जवळ ठेवा. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआय, तिने 2024 मध्ये नियमच केलाय की हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आणि उशिराचा जादा खर्च पेशंटच्या माथी मारायचा नाही. हे किती नातेवाइकांना ठाऊक असतं?

आणि त्याहून मोठं. तू लिहिलंयस की हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. मग धर्मादाय योजना तिथे लागू असण्याची दाट शक्यता आहे. मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये लावून दिलेली योजना आहे ही, धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड वगैरे लागतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तुमचं हॉस्पिटल त्यात असेल तर तिथे मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो. पण डिपॉझिट भरायला गावाकडून आलेल्या बाईला यातलं काही माहीत नसतं गं, तिला फक्त मंगळसूत्र कुठे गहाण पडतं ते माहीत असतं. तिच्या आणि या योजनांचं बघणाऱ्या सोशल वर्करच्या टेबलाच्या मध्ये एकच माणूस आहे, खिडकीच्या आतली. ती जर मान वर करून म्हणाली, ताई, पैसे भरायच्या आधी तिकडे पहिल्या मजल्यावर जाऊन फॉर्म विचारा, तर त्या एका वाक्याने एक घर कर्जातून वाचू शकतं. झारखंडचा फोटो निघेल इतकं दिसणारं काम नाही ते. पण 'मी आजारी होतो' हे राजा म्हणतो तेव्हा तो कुठल्या वॉर्डात होता, सेमी-प्रायव्हेट की जनरल, ते काही लिहिलेलं नाही.

एक सांभाळ, नोकरी धोक्यात घालून शूरपणा करायचा नाही, घर तुझ्यावर चालतं. जे नियमात आहे तेवढंच सांग, पण ते नक्की सांग. आणि काउंटरवर ट्रॅक्ट, म्हणजे धर्माच्या पत्रिका, वाटू नकोस. ज्याचा बाप आयसीयूत आहे त्याच्या हातात पावतीबरोबर पत्रिका ठेवणं हे अडलेल्या माणसाचा फायदा घेणं झालं, साक्ष नाही. त्याने आपणहून विचारलं, ताई तुम्ही एवढं का सांगताय, तर मग बोल की मोकळेपणाने.

आता मार्था. तू सही अशी केलीस म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय डोक्यात आहे, मरीया प्रभूच्या पायाशी बसली आणि मार्था स्वयंपाकघरात, आणि बोलणी खाल्ली मार्थाने. आपल्या महिला मंडळात या भागावर इतके संदेश झालेत आणि संदेश झाल्यावर चहा करायला परत मार्थाच उठतात! पण नीट वाच. प्रभू तिला स्वयंपाक करतेस म्हणून बोलत नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस असं म्हणतो. आणि गोष्ट तिथे संपत नाही हे कोणी सांगत नाही. योहानाच्या 11 व्या अध्यायात भाऊ मेल्यावर हीच मार्था वाटेत जाऊन प्रभूला गाठते आणि तोंडावर म्हणते, तू असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि मग त्याच दमात म्हणते की तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस असा माझा विश्वास आहे. पेत्र या शिष्याने असं म्हटलं तर त्याच्यावर आख्खी मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली आणि मार्थाने म्हटलं तर आपण तिला अजून भांड्यांवरूनच ओळखतो. पुढच्याच अध्यायात बेथानीला जेवण आहे आणि तिथे परत लिहिलंय, मार्था वाढत होती. यावेळी तिला कोणी काही बोलत नाही. वाढणं तेच, दगदग गेली असावी असं मला आपलं वाटतं.

नगरची आहेस म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं नाव ऐकतच मोठी झाली असशील. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, आणि या मधल्या पाच वर्षांत त्यांच्या मनात जी उलथापालथ झाली ती कुठल्या सभेत नाही झाली. कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोण शिवलं तर चालेल, या रोजच्या सोवळ्याओवळ्याशी भांडत भांडत ती बाई माणसाने केलेल्या जाती सोडून बाहेर आली. त्यांचा विश्वास घडला तो घरातल्या घरात, भाताच्या पातेल्याशेजारी.

मैत्रिणीचं जरा बोलू. तिचा हेवा वाटतो हे तू सरळ लिहिलंस, बरं वाटलं. पण मिशनमधला दिवसही बिलांचाच असतो गं. धान्य आलं का, रजिस्टर भरलं का, मोटर जळली, कोणाला ताप आला. केडगावचं मुक्ती मिशन घे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, 1922 मध्ये त्या गेल्या, आणि ते भाषांतर छापलं गेलं तिथल्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींनी छपाईचे खिळे जुळवून. दुष्काळातून, बालवैधव्यातून आलेल्या मुली. रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. ज्या मुलीने बायबलाच्या लेवीय या पुस्तकातली एखादी रटाळ वंशावळीसारखी यादी अक्षर अक्षर उचलून जुळवली, शाईने बोटं काळी केली, तिचं नाव तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ते पाचारण नव्हतं असं कोण म्हणेल?

आणि खुद्द प्रभू येशूचं बघ ना. लूक म्हणतो त्याने काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. त्याआधीची इतकी वर्षं नासरेथात, लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखायचे. आणि यार्देन नदीवर आकाशातून वाणी झाली की हा माझा पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, ती कधी? एकही चमत्कार, एकही प्रवचन व्हायच्या आधी. बापाला संतोष झाला तेव्हा लोकांना दाखवण्यासारखं काय होतं त्याच्याकडे? दारं, जू आणि नांगर.

प्रार्थनेला झोप लागते म्हणालीस. लागू दे. बापाच्या मांडीवर लेकरू झोपलं म्हणून कोणता बाप रागावतो. पण जागेपणीचीही थोडी हवी असेल तर पॅरिसच्या एका मठातल्या ब्रदर लॉरेन्सचं सांगते, 17 व्या शतकातला साधा माणूस, आधी शिपाई होता, पायाला दुखापत झालेली, मठात त्याला स्वयंपाकघरात टाकलं. त्याच्याविषयी बोलताना लोक नेहमी सांगतात की तो ऑम्लेट उलटतानासुद्धा देवाच्या प्रेमाखातर उलटायचा, भांड्यांच्या खडखडाटात त्याला देव जवळ वाटायचा. पण दोन गोष्टी लोक गाळतात. एक म्हणजे त्याला स्वयंपाकघराचा मनापासून कंटाळा होता. आणि दुसरं म्हणजे पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली, असं तो स्वतःच सांगतो. तेव्हा पुढच्या सोमवारी काउंटरवर तुला देव जाणवला नाही तर घाबरू नकोस.

तो करायचा काय, तर कामाच्या मधे मधे देवाशी बोलायचा, चार शब्द. तेवढंच कर. मोठा शास्त्रपाठ वगैरे सध्या सोड. बसमध्ये बसायला मिळालं तर स्तोत्र 131 वाच, तीनच वचनं आहेत, मोबाइलवर एका स्क्रीनमध्ये मावतात, आणि त्यात दावीद म्हणतो की मी मोठमोठ्या गोष्टींच्या मागे लागत नाही, माझा जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत झालाय. तुझ्यासाठीच लिहिलंय म्हण. आणि खिडकीवर पुढचा माणूस आला की फाइल उघडेपर्यंत जे दोन सेकंद जातात तेवढ्यात त्याचं नाव मनात घ्यायचं, नाव फाइलवर असतंच. प्रभू, हा अमुक. झालं. दिवसाला किती फाइल होतात तुझ्या? तेवढ्या मध्यस्थीच्या प्रार्थना आपल्या बुधवारच्या सभेत तरी होतात का?

सासूबाईंचं शेवटी ठेवलंय कारण त्यावर मला उपदेश करवत नाही. रोज तीच पाठ पुसायची, तीच चादर, आणि त्या ओळखतात की नाही हेही धड कळत नाही असं तू लिहिलंयस. त्यात प्रेम वाटलं पाहिजे असं स्वतःला बजावू नकोस. काही दिवस वाटेल, काही दिवस नुसता वास येईल. चादर बदलली गेली, बेडसोर झाला नाही, हे प्रेमच आहे, मनात त्यावेळी काहीही चाललेलं असो. एक करता येईल, रात्रीची कुटुंबप्रार्थना त्यांच्या खाटेशेजारी करा, पाच मिनिटांची, मुलांना कंटाळा येणार नाही एवढीच, आणि तू गात होतीस ना, तर 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं टिळकांचं एखादं गीत म्हण. विसरभोळी झालेली माणसं बाकी सगळं विसरली तरी जुनी गाणी कधीकधी म्हणतात. नाही म्हटलं तरी तुझा गळा तरी मोकळा होईल, क्वायर सुटून किती वर्षं झाली.

संडे स्कूल परत सुरू करू का असंही विचारलं होतंस. आत्ता नको. चर्चने विचारलं तर स्पष्ट सांग, घरी आजारी माणूस आहे, वर्षभर जमणार नाही, आणि त्यावर सफाई देत बसू नकोस.

या आठवड्यात दोनच कामं. नवऱ्याशी पहाटेच्या वाटणीचं बोलणं, आणि तुमच्या हॉस्पिटलात धर्मादाय योजनेचा बोर्ड कुठे लावलाय ते बघणं. दर्शनी भागात लावायचा असतो तो. एखाद्या कुंडीमागे किंवा लिफ्टच्या बाजूला सापडला तर वाचून घे, फॉर्म कोणाकडे मिळतो ते विचार आणि त्या टेबलाचा नंबर तुझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटव. मग मला कळव काय झालं ते.

तुझी,
मावशी